दुकानातील प्रिंटर आणि हरवलेला दुभाषी

भोकरसारख्या तालुक्याच्या बाजारपेठेत आज एकाच दुकानात चार पिढ्यांची यंत्रे नांदताना दिसतात. गल्ल्यावर जुना विंडोज ७ चा संगणक आणि त्याला जोडलेला डॉट-मॅट्रिक्स प्रिंटर असतो. आत गादीवर मुलाने घेतलेला विंडोज ११ चा लॅपटॉप असतो. कोपऱ्यात कोणा पुतण्याने लिनक्स टाकून पुन्हा चालू केलेला जुना संगणक असतो, आणि नोकरापासून मालकापर्यंत प्रत्येकाच्या खिशात अँड्रॉइड फोन असतो. ही सारी यंत्रे एका राउटरला जोडली की दुकानात नेटवर्क झाले असे आपण म्हणतो. फाइल इकडून तिकडे जाते, इंटरनेट चालते, व्हॉट्सॲप चालते. मात्र लॅपटॉपवरून बिल काढायला गेले की गल्ल्यावरचा प्रिंटर गप्प बसतो, किंवा कागदावर चित्रविचित्र खुणांच्या ओळी ओततो.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. त्यामुळे अनेकांना संगणक बदलावा लागला आणि हा प्रश्न दुकानोदुकानी आला. दुरुस्तीवाला येतो, पाच-दहा मिनिटे खटपट करतो आणि सांगतो, "शेठ, याचा ड्रायव्हर मिळत नाही. नवा प्रिंटर घेऊन टाका." चांगला चालणारा, रिबनपासून रोलरपर्यंत शाबूत असलेला प्रिंटर माळ्यावर जातो आणि दहा-पंधरा हजारांचा खर्च उभा राहतो. कापडाच्या धंद्यात तेवढी रक्कम सुटायला किती थान विकावे लागतात हे व्यापाऱ्याला सांगायला नको. चालू वस्तू टाकून देणे हा इस्राफ आहे, आणि इस्राफ दीनमध्येही नापसंत आहे आणि धंद्यातही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की अशा बहुतेक वेळी प्रिंटर बिघडलेला नसतो, त्याचा दुभाषी हरवलेला असतो. तो दुभाषी कसा शोधावा, कोठे शोधू नये, आणि पुढच्या खरेदीत काय विचारावे, हे या लेखात मांडत आहोत.

लेखी बिलाचे मोल

फोनवर बिल पाठवता येत असताना कागदाची उठाठेव कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. कुरआनमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. व्यापाऱ्याने एवढे लक्षात ठेवले तरी कागदाची किंमत कळते. कायद्याचे म्हणाल तर १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. त्याच्या नियम ४८ प्रमाणे मालाचे बिल तीन प्रतींत असावे लागते: पहिली प्रत खरेदीदाराची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी विक्रेत्याची. डॉट-मॅट्रिक्स प्रिंटर अजून बाजारात टिकून आहे त्याचे मोठे कारण हेच. त्याची सुई कागदावर खरोखर आपटते, म्हणून कार्बनच्या तिन्ही प्रती एका फटक्यात निघतात. लेझर प्रिंटरला तेच काम तीनदा करावे लागते.

ड्रायव्हर म्हणजे नेमके काय

हैदराबाद संस्थानच्या काळात आपल्या भागात चालणाऱ्या नोटेवर रक्कम उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही छापलेली असे. रक्कम एकच, पण बाजारात येणारा माणूस वेगवेगळी लिपी वाचणारा. संगणक आणि प्रिंटर यांची स्थिती अशीच आहे. संगणकाची भाषा वेगळी, प्रिंटरची वेगळी. मधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. तो एक छोटा प्रोग्राम असतो. आपण "छापा" म्हटले की तो पानाचा तर्जुमा प्रिंटरच्या भाषेत करतो आणि केबलवरून पाठवतो. दुभाषी चुकीचा असेल तर प्रिंटरला अर्थ लागत नाही आणि तो मिळालेली अक्षरे जशीच्या तशी कागदावर ओततो. त्या चित्रविचित्र ओळी म्हणजे बिघाड नव्हे, न कळलेला हुकूम असतो.

प्रिंटरच्या मुख्य भाषा तीन. एप्सन कंपनीची ईएससी/पी ही डॉट-मॅट्रिक्सची भाषा. १९८० च्या सुमारास ती इतकी पसरली की इतर बनावटीच्या बऱ्याच डॉट-मॅट्रिक्स प्रिंटरांनीही तीच उचलली. दुसरी एचपीची पीसीएल. १९८४ साली आलेल्या लेझरजेटमुळे ती कचेऱ्या-कचेऱ्यांत गेली. तिसरी अडोबीची पोस्टस्क्रिप्ट, तीही १९८४ ची. छापखाने आणि डीटीपीवाल्यांचा धंदा हिच्यावर उभा राहिला. बिलाच्या छोट्या थर्मल प्रिंटरांची ईएससी/पीओएस ही एप्सनच्याच भाषेची बहीण.

चौथा प्रकार नीट समजून घ्यावा, कारण आपल्याकडे तोच जास्त विकला गेला. या प्रिंटरांना वरीलपैकी कोणतीच भाषा येत नाही. पानाचा ठिपका न् ठिपका संगणकानेच मांडून द्यायचा आणि प्रिंटरने फक्त उमटवायचा. यंत्रात डोके कमी, म्हणून किंमत कमी. कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२० ही याची सर्वांच्या ओळखीची उदाहरणे. दोन्ही टिकाऊ. पण २९०० ला कॅननची स्वतःची कॅप्ट नावाची पद्धत लागते, आणि १०२० ला दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून त्याचा अंतर्गत प्रोग्राम भरवून घ्यावा लागतो. अशा प्रिंटरचा दुभाषी एकच असतो. तो नव्या संगणकाला चालला नाही तर दुसरा सहज मिळत नाही.

डॉसच्या काळात याहून कठीण होते. वर्डस्टारचा ड्रायव्हर वेगळा, लोटसचा वेगळा. प्रत्येक प्रोग्राम आपला दुभाषी बरोबर घेऊन फिरायचा. विंडोजने एक सोय केली. दुभाषी एकदा संगणकात बसवला की सर्व प्रोग्राम त्याच्याकडूनच काम करून घेतात. त्या सोयीची दुसरी बाजू अशी की विंडोज बदलली की दुभाषीही बदलावा लागतो.

नेटवर्कमध्ये गाडे कोठे अडते

पहिली अडचण बत्तीस आणि चौसष्ट बिटची. जुने विंडोज ७ बऱ्याच ठिकाणी ३२ बिटचे होते. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या संगणकात बसत नाही. गल्ल्यावरच्या संगणकाने प्रिंटर "शेअर" केला तरी लॅपटॉपला आपला ६४ बिटचा ड्रायव्हर लागतोच. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन चिपचे विंडोज लॅपटॉप बाजारात जोर धरू लागले. त्यांना तर तिसऱ्याच जातीचा, एआरएमचा ड्रायव्हर लागतो. लॅपटॉप घेताना बॅटरीची तारीफ ऐकून घ्या, पण आपल्या प्रिंटरचा एआरएम ड्रायव्हर आहे काय हेही आधी पाहा.

दुसरी अडचण सुरक्षेची. २०२१ च्या मध्यास विंडोजच्या छपाई यंत्रणेत एक भगदाड सापडले. जगभर ते "प्रिंटनाइटमेअर" नावाने गाजले. त्यातून बाहेरचा माणूस संगणकाचा ताबा घेऊ शकत होता. ते बुजवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने नियम कडक केले. ऑगस्ट २०२१ पासून नेटवर्कवरून ड्रायव्हर बसवायला संगणकाच्या मालकाचा, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागू लागला. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर दुकानादुकानांत एक लांबलचक आकडा पडद्यावर येऊ लागला, ज्याच्या शेवटी "११बी" असते. २०२२ मध्ये विंडोज ११ ने छपाईची बोलणी करण्याची वाट बदलली, तेव्हा "७०९" ने संपणारा आकडा अनेकांना भेटला. दोन्हींचा अर्थ साधारण एकच: एका संगणकाने नवा कायदा पाळायला सुरुवात केली आहे आणि दुसरा जुन्याच रिवाजाने चालला आहे.

यावर काही दुरुस्तीवाले विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद बदलून देतात आणि छपाई सुरू होते. हे म्हणजे कुलूप अडकते म्हणून कुलूपच काढून टाकणे. पहिला उपाय दोन्ही संगणकांची अपडेट पूर्ण करण्याचा. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० लाच संपली, म्हणून त्याला हा नवा कायदा शिकवता येत नाही. अशा वेळी प्रिंटरची केबल नव्या संगणकाला लावावी आणि त्यालाच यजमान करावे. तेही जमत नसेल तर लॅपटॉपवर आधी योग्य ड्रायव्हर हाताने बसवावा, मग "लोकल पोर्ट" निवडून त्यात गल्ल्यावरच्या संगणकाचे व प्रिंटरचे नेटवर्कमधील नाव लिहावे. दुभाषी घरचाच असल्यामुळे तो दुसऱ्या संगणकाकडून मागवावा लागत नाही, आणि पुष्कळदा गाडे सुटते.

तिसरी गोष्ट साधी, पण आपल्याकडे नेहमीची. वायफाय किंवा लॅनच्या प्रिंटरला राउटर एक नंबर देतो. वीज गेली, परत आली, की तो नंबर बदलू शकतो. मग काल चालणारा प्रिंटर आज "ऑफलाइन" दिसतो आणि दोष ड्रायव्हरवर जातो. राउटरमध्ये त्या प्रिंटरचा नंबर कायमचा राखून ठेवण्याची सोय असते. ती एकदा करून घ्यावी.

शोध कसा करावा

सर्वप्रथम प्रिंटरला संगणकापासून सोडवा आणि त्याची स्वतःची चाचणी घ्या. डॉट-मॅट्रिक्समध्ये पुढचे एक बटण दाबून धरून वीज चालू केली की तो आपोआप अक्षरांच्या ओळी छापतो. थर्मल प्रिंटरमध्ये कागद सरकवण्याचे बटण, लेझरमध्ये चाचणी पानाचे बटण असते. कोणते ते पुस्तिकेत असते. चाचणी नीट निघाली तर प्रिंटर तंदुरुस्त आहे. मग "प्रिंटर गेला" हे कोणाचेही म्हणणे ऐकू नका. प्रिंटर नांदेडला घेऊन जाण्यात दिवस आणि भाडे घालवण्याआधी ही दोन मिनिटांची चाचणी करावी.

त्यानंतर मॉडेलचे नाव पूर्ण लिहून घ्या. पुढच्या बाजूचे नव्हे, मागच्या पट्टीवरचे. नावाच्या शेवटी "एन" असेल तर बहुधा लॅनची सोय, "डब्ल्यू" असेल तर वायफाय, "डी" असेल तर दोन्ही बाजूंनी छपाई. एका अक्षराने ड्रायव्हर बदलू शकतो.

मग चाचणी पानावर किंवा पुस्तिकेत "इम्युलेशन" हा शब्द शोधा. हा शब्द सापडला तर निम्मे काम झाले. इम्युलेशन म्हणजे या प्रिंटरला आणखी कोणाची भाषा बोलता येते ते. तेथे ईएससी/पी लिहिले असेल तर कंपनीचा ड्रायव्हर मिळाला नाही तरी एप्सनच्या मालिकेचा ड्रायव्हर चालून जातो. सुया ९ असतील तर एफएक्स किंवा एलएक्स मालिका, सुया २४ असतील तर एलक्यू मालिका. मालिकेच्या नावापुढे ८० किंवा १३६ असे असते. ते ओळीतील अक्षरांचे माप, अरुंद किंवा रुंद कागदाप्रमाणे निवडावे. लेझर प्रिंटरला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट येत असेल तर एचपीचा "युनिव्हर्सल" ड्रायव्हर त्या कंपनीच्या अनेक मॉडेलांना एकटाच पुरतो.

विंडोजमध्ये "ॲड प्रिंटर" केल्यावर नावांची यादी येते. तिच्याशेजारी "विंडोज अपडेट" नावाचे बटण असते. ते दाबून थोडा धीर धरला की यादी लांब होते. अनेक जण धीर धरत नाहीत आणि ड्रायव्हर नाही असे ठरवून मोकळे होतात. तेथेही न मिळाल्यास कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जावे, देश म्हणून भारत निवडावा, आणि विंडोजची आवृत्ती व बिट बरोबर निवडून पाहावे. विंडोज ११ चा ड्रायव्हर दिसत नसेल तर विंडोज १० चा ६४ बिटचा पुष्कळदा चालतो.

हा सगळा खटाटोप जमत नसेल तर एक गरिबाचा उपाय आहे. बिल ज्या यंत्रावर बनवले त्यावर त्याची पीडीएफ करावी आणि ज्या संगणकाला प्रिंटर लावला आहे तेथे पाठवून छापावी. पीडीएफ कोणत्याही यंत्रावर सारखीच दिसते. फोन, लिनक्स, मॅक, सर्वांना एकच दुभाषी पुरतो, कारण छापणारा संगणक एकच राहतो.

ड्रायव्हरच्या नावाने लुबाडणारे

हा भाग जरा कडक शब्दांत लिहिणे भाग आहे. इंटरनेटवर प्रिंटरचे नाव टाकून ड्रायव्हर शोधला की वरच्या ओळींत जाहिराती येतात. काही ठिकाणी कंपनीसारखेच दिसणारे बनावट पान असते. "इन्स्टॉल अयशस्वी, या नंबरवर फोन करा" असा संदेश येतो. फोन केला की गोड बोलणारा माणूस संगणकाचा पडदा दुरून पाहण्याचा प्रोग्राम घ्यायला लावतो. आणि आपण प्रिंटरचा विचार करत असताना तो बँकेचे पान उघडायला सांगतो. नियम साधा ठेवा: ड्रायव्हरसाठी कोणालाही पैसे द्यायचे नाहीत, कोणाच्याही सांगण्यावरून पडदा दाखवणारा प्रोग्राम बसवायचा नाही, ओटीपी सांगायचा नाही. कंपनी आपल्या प्रिंटरचा ड्रायव्हर फुकट देते. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. आपल्या संगणकात गिऱ्हाइकांची उधारी, त्यांचे नंबर असतात. ती त्यांची अमानत आहे.

मराठी, उर्दू बिल आणि क्यूआर कोड

आपल्या भागातील दुकानदाराची एक खास अडचण आहे. ती इंग्रजी पुस्तकांत फारशी सापडत नाही. गिऱ्हाईक मराठी वाचते, काही घरांत उर्दू वाचली जाते, हद्दीपलीकडून तेलुगू बोलणारा येतो. बिलावर निदान दुकानाचे आणि मालाचे नाव त्याला वाचता यावे ही रास्त अपेक्षा आहे.

डॉट-मॅट्रिक्स आणि थर्मल प्रिंटर दोन रीतींनी छापतात. एका रीतीत संगणक फक्त अक्षराचा क्रमांक पाठवतो आणि प्रिंटर आपल्या पोटातले अक्षर छापतो. हे फार जलद होते. पण पोटात असतात ती बहुधा इंग्रजी अक्षरे. देवनागरीची जोडाक्षरे आणि उर्दूची नस्तालीक तेथे नसते. विंडोजमधील "जेनेरिक टेक्स्ट ओन्ली" हा ड्रायव्हर याच रीतीचा. त्यावर मराठी बिल काढले की प्रश्नचिन्हे किंवा रिकाम्या जागा येतात. दुसऱ्या रीतीत संगणक संपूर्ण ओळीचे चित्र करून पाठवतो. यात कोणतीही लिपी छापता येते, मात्र डॉट-मॅट्रिक्सवर वेळ जास्त लागतो आणि रिबन लवकर झिजते. म्हणून मराठी किंवा उर्दू हवी असेल तर प्रिंटरचा खरा ग्राफिक्स ड्रायव्हरच लागतो.

ही अडचण जुनी आहे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिच्या जिस्ट कार्डाने डॉसच्या जमान्यात भारतीय लिप्या संगणकात आणल्या. उर्दूसाठी मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने १९८१ मध्ये कातिबाच्या हाताचे वळण यंत्रात उतरवले, आणि १९९४ मध्ये भारतातच तयार झालेल्या इनपेजने ते डीटीपीवाल्यांच्या टेबलावर पोचवले. आज युनिकोडमुळे फोनवरही मराठी-उर्दू लिहिता येते. अडते ते शेवटच्या हातभर अंतरात, संगणक ते प्रिंटर या केबलमध्ये.

टॅली वापरणाऱ्यांनी हेच ध्यानात ठेवावे. टॅलीचा जन्मच आपल्या धंद्याच्या शेजारी झाला: गिरण्यांना व कारखान्यांना सामान पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोएंका यांना हिशोबासाठी मनासारखा प्रोग्राम मिळेना, तेव्हा त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी तो लिहिला आणि १९८६ मध्ये बंगळूरला कंपनी उभी राहिली. टॅलीत छपाईचे "नीट", "डॉट-मॅट्रिक्स" आणि "क्विक ड्राफ्ट" असे प्रकार आहेत. क्विक ड्राफ्ट पहिल्या रीतीने छापतो, नीट दुसऱ्या रीतीने. मराठी नाव किंवा दुकानाचे चिन्ह उमटत नसेल तर ड्रायव्हर बदलण्याआधी हा प्रकार बदलून पाहावा.

क्यूआर कोडचेही असेच. ज्यांची वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्यांना विकलेल्या मालासाठी ई-इन्व्हॉइस लागू झाले, आणि त्यावर क्यूआर कोड छापावा लागतो. क्यूआर हे चित्र आहे. फक्त अक्षरे पाठवणाऱ्या ड्रायव्हरने ते उमटणार नाही, आणि झिजलेल्या रिबनने उमटले तरी स्कॅन होणार नाही.

सर्वांसाठी एकच दुभाषी

दुकानात विंडोज, लिनक्स, फोन असे सगळेच असेल तर प्रत्येकात वेगळा ड्रायव्हर बसवण्यापेक्षा एक वेगळी तजवीज करता येते. त्यामागे एक इतिहास आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सर्वांना कळावे म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या प्रोग्राममध्ये थोडी सुधारणा करायची होती. प्रोग्रामचा मूळ मजकूर ज्याच्याकडे होता त्याने कंपनीला दिलेल्या वचनामुळे तो नाकारला. पुढे १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. सर्वांना पाहता, सुधारता व वाटता येईल अशा सॉफ्टवेअरची चळवळ त्यातून वाढली. लिनक्स आज फुकट मिळते त्याच्या मुळाशी एका प्रिंटरचा न मिळालेला दुभाषी आहे असे म्हटले तर वावगे होणार नाही.

याच वाटेवर १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल यांनी सांबा सुरू केले. त्यामुळे विंडोज आणि युनिक्स जातीचे संगणक एकमेकांच्या फाइल व प्रिंटर वापरू लागले. १९९९ मध्ये मायकेल स्वीट यांचे कप्स आले. ॲपलने २००२ पासून मॅकमध्ये तेच वापरले, आणि लिनक्समध्येही तेच असते.

आता तजवीज अशी: एक जुना संगणक घ्यावा, त्यात लिनक्स टाकावे, यूएसबीचा प्रिंटर त्याला जोडावा आणि कप्समध्ये त्याचा ड्रायव्हर एकदाच बसवावा. मग तो संगणक नेटवर्कवर पुकारा करतो की येथे प्रिंटर आहे. आयफोनला तो एअरप्रिंटचा प्रिंटर दिसतो. अँड्रॉइडच्या अंगच्या प्रिंट सेवेला तो सापडतो. विंडोज त्याला आयपीपी या सार्वत्रिक रीतीने जोडून घेते. तसे न जमल्यास विंडोजमध्येच असलेला पोस्टस्क्रिप्टचा साधा ड्रायव्हर निवडावा. पुढचा तर्जुमा कप्स करून घेते. बाकी कोणत्याही यंत्रात कंपनीचा ड्रायव्हर लागत नाही.

यात दोन पथ्ये आहेत. एलबीपी २९०० साठी कॅननचा लिनक्स ड्रायव्हर इंटेल जातीच्या संगणकासाठीच आहे, म्हणून रास्पबेरी पायसारख्या छोट्या यंत्रापेक्षा जुना डेस्कटॉप बरा. आणि कार्बनच्या तीन प्रती काढणारा डॉट-मॅट्रिक्स या व्यवस्थेत घालू नये. कप्स त्याला चित्रे पाठवील आणि वेग जाईल. तो बिलाच्या संगणकालाच थेट जोडलेला बरा.

नवा प्रिंटर घेताना

वाऱ्याची दिशाही ओळखावी. २०१० मध्ये ॲपलने एअरप्रिंट आणले. २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मोप्रिया नावाची आघाडी केली. दोन्हींचा उद्देश एकच: प्रिंटरने सर्वांना कळणारी एकच भाषा बोलावी आणि ड्रायव्हरची गरजच राहू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमार्फत पुरवणे टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे जाहीर केले. त्या वेळापत्रकात जुलै २०२६ पासून विंडोजने स्वतःच्या आयपीपी ड्रायव्हरला अग्रक्रम देणे, आणि जुलै २०२७ पासून इतरांच्या ड्रायव्हरांत सुरक्षेच्या दुरुस्त्यांपलीकडे बदल न स्वीकारणे हे टप्पे आहेत. याचा अर्थ आज चालणारा प्रिंटर त्या दिवशी बंद पडेल असा नाही. बसवलेला ड्रायव्हर राहतो. मात्र जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर आजच उतरवून पेनड्राइव्हवर जपून ठेवावा. विंडोज ११ मध्ये "प्रोटेक्टेड प्रिंट" नावाची एक सोय आहे. ती चालू केली की कंपनीच्या ड्रायव्हरवर चालणारे प्रिंटर निघून जातात. डॉट-मॅट्रिक्सवाल्यांनी तिला हात लावू नये.

पुढच्या वेळी प्रिंटर घ्यायला गेल्यावर किंमत विचारण्याआधी चार प्रश्न विचारावेत. याला कोणती भाषा येते: ईएससी/पी, पीसीएल, पोस्टस्क्रिप्ट? यावर मोप्रिया किंवा एअरप्रिंटची खूण आहे काय? यात लॅनची जागा आहे की फक्त यूएसबी? आणि लिनक्स व एआरएमचा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावर आहे काय? दुकानदाराला उत्तर येत नसेल तर खोक्यावर वाचावे. दोन-अडीच हजारांनी स्वस्त असलेला मुका प्रिंटर पुढे किती महाग पडतो हे वर सांगितलेच आहे. कापड घेताना आपण सूत पाहतो, रंग पक्का आहे का ते पाहतो, नुसता भाव पाहून थान उचलत नाही. येथेही तसेच करावे.

शेवटी एक लहानशी सूचना. एका कागदावर प्रिंटरचे पूर्ण मॉडेल, त्याची भाषा, कोणता ड्रायव्हर बसवला त्याचे नाव, नेटवर्कचा नंबर आणि ड्रायव्हरचा पेनड्राइव्ह कोठे ठेवला हे लिहून तो कागद प्रिंटरच्या बाजूला चिकटवावा. संगणक बदलेल, दुरुस्तीवाला बदलेल, मुलगा शिकायला बाहेरगावी जाईल. तो कागद तेथे असेल तर नव्या माणसाला अर्ध्या तासात काम जमेल, इन्शाअल्लाह.